आलासमधला काना

पुण्यातली सीताफळं मला पटत नाहीत. खोक्यात, कागदाच्या कातरणात, सगळी एका मापाची, शाळेच्या ग्रुप फोटोला बसवल्यासारखी बसलेली असतात. परवा माधवनं तसलं एक खोकं आणलं आणि एकेक फळ हातात घेऊन दाबून बघायला लागला. माधव जनावरांचा डॉक्टर आहे. तो सीताफळसुद्धा म्हशीचं पोट तपासल्यासारखं तपासतो.

“दाबू नको बे! डोळे बघ त्याचे.”

सीताफळाच्या अंगावरच्या खवल्यांना आम्ही डोळे म्हणतो. दोन डोळ्यांच्या मधली रेघ पिवळसर पडली, की फळानं डोळे उघडले, आता काढायला हरकत नाही. त्याआधी घाईनं ओरबाडलं तर ते पिकत नाही, तसंच काळं पडून दगड होतं. माधवला हे माहीत नाही, कारण तो दिंद्रुडचा, माजलगावच्या धरणाकडचा. त्या लोकांना उसाशिवाय काही पिकतं हेच ठाऊक नसतं, असं मी म्हणतो आणि तो चिडतो. आम्ही एकत्र राहायला लागल्यापासून हे भांडण दर सीताफळाला होतं. ते झालं नाही तर मला दिवाळी जवळ आल्यासारखं वाटायचं नाही.

माझं गाव सिरसाळा. घटस्थापना झाली की बालाघाटाच्या डोंगरावरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन बाजारात उतरायच्या आणि सगळ्या रस्त्याला तो गोड, जरा आंबूस वास सुटायचा. त्या वासाबरोबर मला अजून एक वास येतो, तापलेल्या मशीनचा. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. आमचं स्पीकरचं दुकान होतं, अजून आहे. लग्न असो, सप्ताह असो, बारसं असो, कर्णे आमचे. नवरात्रात तर घरात एक कर्णा उरायचा नाही, आणि सणाचं आमच्या घरी जेवायला निवांत असा कुणी नसायचा. सोमवारचा उपवास, महादेवाचं दर्शन आणि मशीनवर फडकं मारणं ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन व्रतं. त्यांतलं तिसरं ते सगळ्यांत मन लावून करत.

अण्णांचे दोन नियम होते. पहिला, वायर घरच्याच माणसाच्या हातात. पाहुण्याला ते चहा देतील, पान देतील, आपली गादी देतील, पण वायर देणार नाहीत. वायर गुंडाळायची एक रीत असते, अंगठा आणि कोपर यांच्यातून ती आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. उगाच दोरी गुंडाळल्यासारखी गुंडाळली तर आतली तार तुटते. दुसरा नियम, माईक चालू असताना घरचं बोलायचं नाही. एका सप्ताहात मंडळाचे एक पुढारी माईक चालू आहे हे विसरून शेजाऱ्याला सरपंचाबद्दल जे बोलले, ते सगळ्या गावानं कर्ण्यातून ऐकलं होतं. तेव्हापासून अण्णा तोंड उघडायच्या आधी अंगठ्यानं माईकचं बटण मागं ओढतात, म्हणजे माईक बंद. इतकी सवय, की घरी जेवताना आईला “मीठ कमी हाय” म्हणायच्या आधीही त्यांचा अंगठा हलतो. आई म्हणते, “ओढा, ओढा बटन, आन मग बोला.”

मी असा आवाजाच्या घरात वाढलो आणि स्वतः मात्र बटण मागं ओढूनच वाढलो. सातवी-आठवीत कळायला लागलं, की पोरं ज्या गोष्टीनं खुळावतात त्यानं माझं काही होत नाही, आणि माझं ज्यानं होतं ते कुणाला सांगायची सोय नाही. आमच्याकडे त्याला शब्द होते, नाही असं नाही. पण ते सगळे शिव्या होत्या, मारुतीच्या पारावर हसत हसत फेकायच्या. स्वतःला हाक मारायला शिवीशिवाय शब्द नसणं, ह्याच्यासारखा एकटेपणा नाही. पण रडत बसलो असं सांगितलं तर खोटं होईल. मी गाणी करत बसलो.

आणि इथं मराठी आडवी आली.

मराठी क्रियापदासारखं चुगलखोर जगात दुसरं काही नसेल. दाराआडच्या काकूसारखं ते सगळं बघतं आणि शेवटाला सांगून टाकतं. इंग्रजीत म्हणे कुणावरही गाणं करा, पत्ता लागत नाही. मराठीत ‘तू आला’ म्हणा, लगेच काना उभा राहून सांगतो, पोरगा आहे हो. ‘तू आली’ म्हणा, वेलांटी डोकं वर काढते. येतोस, येतेस, हसलास, हसलीस, सुटका नाही. पोरगी घालून खोटं गाणं करायचं माझ्या जिवावर यायचं, आणि खरं करायची छाती नव्हती. असा अडकलेला असताना एकदा वर्गात काळ चालवणं चाललं होतं. तू येतोस, तू आलास, तू येशील. येशील! मी बाकावर जवळजवळ उडालो. येशीलला काना नाही, वेलांटीही नाही. पोराला येशील, पोरीला येशील. भविष्यकाळ कुणाची चुगली करत नाही.

झालं, माझी सगळी गाणी भविष्यकाळात गेली. भेटशील, बोलशील, बघशील, राहशील. गावात गाणं करणारं दुसरं पोरगं नव्हतं, म्हणून माझं कौतुक व्हायचं. पण माझ्या एकाही गाण्यात कधी काही घडलेलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळं व्हायचंच होतं.

त्यांतलं गाजलेलं गाणं बाळूवरचं. बाळू माझ्या बाकावरचा. त्याची मूळ माणसं शिरूर कासारकडची. दिवाळी झाली की घरदार कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं आणि बाकावरची त्याची जागा पार उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहायची. तो हसला की त्याच्या पुढच्या दोन दातांतली फट दिसायची, आणि त्या फटीपायी माझं गणित गेलं. ट्रॅक्टरवर बसून तो गेला त्या संध्याकाळी मी केलं होतं:

दिवा लागायच्या आत येशील ना,
माझ्या दारावरनंच जाशील ना…

गॅदरिंगला म्हटलं. अण्णांनी कर्णा लावलेला, त्यांनीच ते भरून घेतलं. आणि त्यानंतर, अहो, अण्णांनी ते गाणं टेस्टिंगला लावायला सुरुवात केली. कुठंही सेट बसवला की आधी “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग,” आणि मग माझा फुटका आवाज, येशील ना. सबंध परळी तालुक्यात मी मांडव तपासत फिरलो. म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या. आमच्या दुकानासमोर नागनाथअप्पांचं किराणा दुकान, अप्पा म्हणजे गावातले जाणकार, त्यांनी एकदा निकालच देऊन टाकला, “पोरानं पावसावर गानं केलंय. आपल्याकडं दुसरं कुनाला येशील ना म्हनावं मानसानं?” ऊसतोडीला माणसं गेलेल्या घरातल्या बायका म्हणायच्या, आमच्यावर केलंय. त्यांचं तर अर्धं बरोबरच होतं. मी मान हलवायचो. मला काय, ज्याला जो यायला पाहिजे तो येवो.

पुण्याला आलो, जाहिरातींच्या चाली करायला लागलो. तेलाच्या, साबणाच्या, गाद्यांच्या. आणि एकदा मित्राच्या घरी मांजर आजारी होतं म्हणून एक डॉक्टर आला. मांजर चावलं तसा ओरडला, “आरं कावून चावायलंस बे!” माझ्या हातातला कप तसाच राहिला. सगळं पुणं धुंडाळलं आणि सापडला तर दिंद्रुडचा! सिरसाळ्याहून मोटारसायकलवर दुपारचा चहा प्यायला जावं एवढ्या अंतरावर हा माणूस सगळा जन्म राहत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई म्हणते ते हेच. मी त्याला म्हणालो, “तुमच्याकडं ‘चावायलंस’ म्हनतेत, आमच्यात ‘चावतूस’.” तो म्हणाला, “मांजराला इचारा, त्याला काय म्हनायचंय.”

आईला सांगितलं तेही सीताफळातच. पडवीत आम्ही दोघं, मधे पाटी. सीताफळ खाणाऱ्या माणसाला लगेच बोलता येत नाही हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. तिनं मोठी फोड तोंडात घातली आणि मी बोलून टाकलं. की मला पोरी आवडत नाहीत, पोरं आवडतात, पहिल्यापासून. की माधव म्हणून एक आहे. की लग्नाच्या स्थळांचं आता बंद कर. आई जिभेनं बिया सोडवत राहिली. सीताफळात किती बिया असतात, देवा! एकेक बी तळहातावर यायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलेलो.

शेवटची बी काढून ती म्हणाली, “मला वाटलंच हुतं.”

“कशावरनं?”

“तुज्या एकाबी गान्यात बांगडी न्हाई, पैंजन न्हाई, पदर न्हाई. येवडी गानी केलीस, एकदाबी कुनी केसाची येणी घातली न्हाई. म्या रोज ऐकतीया न्हवं?” मग पदराला हात पुसत तिनं विचारलं, “जेवतो का नीट त्यो? का तुज्यासारखाच चिपाड हाय?”

मी रडलो. ती पण थोडं रडली, नाही असं नाही. लोक काय म्हणतील ते म्हणाली, तुझं म्हातारपणी कोण म्हणाली. मग अजून एक सीताफळ फोडलं आणि मोठी अर्धी फोड माझ्या हातात दिली.

अण्णांना तिनंच सांगितलं. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. वाईट नाही, चांगला नाही. फक्त पुढल्या वेळी मी गावी गेलो तेव्हा एका लग्नाचा सेट बसवला आणि ते माईकमध्ये म्हणाले, “हॅलो, वन टू थ्री, वन टू थ्री.” आणि झालं. माझं गाणं लावलं नाही. त्यानंतरच्या मांडवातही नाही. वन टू थ्री. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

माधव घरी यायला लागला, तेव्हा अण्णा उभे राहायचे. “या डॉक्टरसाहेब,” म्हणायचे आणि खुर्ची पुढं करायचे, फडक्यानं पुसून. बाहेरच्याला वाटेल, काय मान! पण आमच्या घरात खुर्ची ही लांबच्यांसाठी असते. आपली माणसं उंबऱ्यावर, पोत्यावर, जिथं जागा मिळेल तिथं टेकतात. म्हशीच्या कासेबद्दल, खुराकाबद्दल दोघं तासभर बोलायचे. माधवला गंमत वाटायची. “तुजे अण्णा मला लई रिस्पेक्ट देतेत रे.” मी म्हणायचो, “तेच तर.” एकदा त्यानं मदत म्हणून खाली पडलेली वायर उचलली, तर अण्णा धावलेच, “राहू द्या, राहू द्या साहेब, तुमी पाहुने मानूस,” आणि त्याच्या हातातनं ती अलगद काढून घेतली. माधव हसला, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मला एवढंच पाहिजे होतं, की माझ्या बापानं त्या माणसाला एकदा खुर्चीवरून उठवावं.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं गाणं काढलं, साबणाचं नाही, गादीचं नाही. एकच गाणं, सुटं. पोरपणापासूनचं सगळं त्यात आहे, पारावरच्या शिव्या, बाकावरची रिकामी जागा, आणि आरशापुढे उभं राहून स्वतःला ओळखायला लागलेला उशीर. चाल नाचायची ठेवली. हलगी, तिच्यावर सिंथचा ठेका. इतक्या वर्षांनी जीव निवांत झालेला माणूस रडकं गाणं कशाला करेल? ध्रुपद असं:

येशील येशील म्हणता म्हणता
दारात माझ्या आलास,
आरशामधल्या मलाच म्हणलो
आलास का रे, आलास?

स्टुडिओत माझी साथीदार सायली, ठेका तिचा. ती हुशार आहे आणि माझ्या भल्याचंच बोलत होती. “गाणं हिट आहे,” ती म्हणाली, “लग्नात वाजेल. फक्त ‘आलीस’ करू या का? मीटरला काही फरक नाही. तुला माहीत आहे ना ते कुणाबद्दल आहे, बास की. बाकीच्यांना कशाला?”

खरंच, मीटरला काही फरक नव्हता. ‘ल’ला काना काढून एक वेलांटी. कागदावर नखाएवढी जागा लागते तिला. मी हेडफोन घालून काचेमागं उभा होतो आणि मला हसायला यायला लागलं. एवढ्याशा काना-वेलांटीला मी आयुष्यभर भीत आलो होतो, ती चुकवायला सबंध भूतकाळ टाकून दिला होता. माझं काही झालेलंच नाही असं धरून चाललो होतो.

“काना,” मी म्हणालो. “कानाच राहू दे सायली.”

आणि म्हटलं. आलास. पहिल्याच वेळी आवाज चिरकला, दुसऱ्या वेळी मी हसलो, तिसऱ्या वेळी असं म्हटलं, असं म्हटलं, की सायली काचेपलीकडे उभी राहून नाचायला लागली. शेवटी तिनं चिरकलेलाच ठेवला, म्हणाली, हाच खरा आहे. घरी गेलो तर माधव भाकरी थापत होता, हात पिठाचे. मी दारातच उभा. त्यानं मान न वळवता विचारलं, “आलास का?” रोज विचारतो. आई विचारायची, अण्णा विचारायचे, शाळेतून, बाजारातून, कुठूनही आलो तरी घरात शिरताना हेच ऐकलेलं. जगातलं सगळ्यांत साधं वाक्य, आणि मी तेच शोधत किती लांब गेलतो.

गाणं लोकांच्या फोनवर गेलं, हलगीपायी पळालं. आता बोंबाबोंब होणार म्हणून मी छाती घट्ट करून बसलो. कुणी मारायला उठलं तर काय, आईला कुणी टोचून बोललं तर काय, हजार विचार. आणि काय झालं माहीत आहे? आमच्या जिल्ह्यानं ते पावसाचं गाणं म्हणून ऐकलं!

मी खोटं सांगत नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला पडला, तळी भरली. पोरांनी भरलेल्या तळ्याचे, वाहणाऱ्या ओढ्याचे व्हिडिओ केले आणि खाली माझं गाणं, आलास, आलास! ‘येशील’वाल्याचंच पुढचं गाणं आहे, त्यानं तेव्हा बोलावला होता तो आता आला, असा सरळ हिशेब. पाऊस पुल्लिंगी, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. जन्मभर लपवलं तेव्हाही पाऊस, छपरावर चढून ओरडलो तरी पाऊस. माधव हसून हसून जमिनीवर लोळला. “घे! तुजा नवरा ढगात हाय म्हनतेत.”

एकट्या बाळूला कळलं. त्याचा फोन आला. आता तो मुकादम झालाय, दोन पोरं आहेत, स्वतःचा ट्रॅक्टर आहे.

“ते आरशाचं ऐकलं बे,” तो म्हणाला. “पावसाला कशाला लागतोय आरसा?” मग विचारलं, “आन ते पयलं, येशीलवालं? ते कुनाचं हुतं?”

म्हटलं आता काय लपवायचं. “तुजं.”

बाळू म्हणाला, “लेका, तवाच सांगायचं ना! म्या जरा लौकर आलो आसतो उसातनं.” आणि हसला. ती दातांतली फट मला फोनमधून दिसली. त्याच्या ट्रॅक्टरवर आता ‘आलास’ लागतं, हे त्यानं मला ऐकवलंही.

पण अण्णा? अण्णांचं काहीच कळत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, “ऐकत्यात. कानाला फोन लावून ऐकत्यात. बोलत न्हाईत.”

नवरात्राला आम्ही दोघं गावी गेलो. बाजारात पाट्या उतरल्या होत्या. चावडीपुढं देवीचा मांडव पडलेला, दिवस कलायला आलेला, आरतीला अवकाश होता. अण्णा सेट बसवत होते. एक कर्णा चावडीवर, एक शाळेकडे, एक बाजाराकडे तोंड करून. माधव गाडी लावून येतो म्हणाला, मी पुढं झालो आणि मांडवाच्या खांबाशी थांबलो. का थांबलो? वन टू थ्री ऐकायला नको होतं मला.

अण्णा मशीनपाशी पोत्यावर टेकले, माईक हातात घेतला, फुंकर मारली. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.”

आणि हलगी वाजली. माझी हलगी. तिन्ही कर्ण्यांतून, चिरकलेल्या आवाजासकट: आलास!

पाट्या घेऊन बसलेल्या बायका माना डोलवायला लागल्या. पोरं नाचायला लागली. गाणं संपलं, आणि शेजारी खुर्चीत बसलेले नागनाथअप्पा मोठ्यानं म्हणाले, “वा! पावसाचं गानं म्हनावं तर असं. पोरानं नाव काढलं.”

अण्णा त्यांच्याकडे वळले. माईक हातातच होता.

“पावसाचं न्हाई ते अप्पा,” अण्णा म्हणाले, आणि ते तिन्ही कर्ण्यांतून निघालं, चावडीवर, शाळेवर, बाजारावर. “मानसाचं हाय. माज्या पोराच्या मानसाचं हाय. दिंद्रुडचा हाय त्यो, जनावराचा डॉक्टर.”

सीताफळाचं माप करणारी एक बाई तराजू धरून तशीच राहिली. अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. “आसं व्हय,” म्हणाले. “मला म्हनून कुनी सांगितलंच न्हाई.”

गावात आजही म्हणतात, स्पीकरवाल्याचा त्या दिवशी माईक चुकून चालू राहिला. काही जण हसून म्हणतात, काही कुजबुजून. काही घरांतून आईला हळदी-कुंकवाचं बोलावणं येईना झालं, तेही खरं. तिचं ती बघून घेईल म्हणते. पण चुकून? जो माणूस भाजीत मीठ मागायच्या आधी बटण मागं ओढतो, त्याचा माईक चुकून चालू राहील? मी त्यांचा अंगठा बघत होतो. बटणावरच होता. हलला नाही.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी माधव आला. झालेलं सगळं त्यानं गाडीपाशी, बाजाराकडच्या कर्ण्यातून ऐकलं होतं. चेहरा धुतल्यासारखा झाला होता त्याचा, कुठं बघावं कळत नव्हतं. कुणीतरी सवयीनं खुर्ची पुढं केली.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. उठले नाहीत. पायाशी पडलेल्या वायरीचं टोक उचललं.

“आलास का?” अण्णा माईकमध्येच म्हणाले. “ये हिकडं. धर ही वायर.”

माधव पुढं गेला आणि धरली. दोरी गुंडाळतात तशी, मनगटाभोवती.

“आशी धरत्यात का बे वायर!” अण्णा ओरडले, आणि सगळ्या सिरसाळ्यानं ते ऐकलं.